भाडोत्री, परप्रांतीय आणि आपली जयंती कमिटी

मार्चच्या पहिल्या रविवारी आमच्या वस्तीतल्या विहारात भीमजयंतीच्या तयारीची बैठक झाली. वर्गणी किती, मिरवणूक कुठून, डीजे की व्याख्यान, हे दरवर्षीचे विषय संपले आणि एका तरुण कार्यकर्त्याने नवा ठराव मांडला. यंदापासून कमिटीचे सभासदत्व फक्त 'मूळ रहिवाशांना' द्यावे. भाडोत्र्यांकडून वर्गणी घ्यावी, पण त्यांना सभासद करू नये. कारणही त्याने सांगितले. पुनर्विकासाचा सर्वे येऊ घातलाय, बाहेरून आलेल्यांची संख्या वाढलीय, उद्या त्यांचे बहुमत झाले तर विहाराची जागासुद्धा हातची जाईल. "चार नंबरच्या गल्लीत जयभीमवाले किती उरलेत ते एकदा मोजा," असे तो म्हणाला आणि बऱ्याच जणांनी माना डोलावल्या.

मागे भिंतीला टेकून बसलेल्या एका आजीने विचारले, "मूळ म्हंजी कवापासूनचं रं?"

हशा पिकला आणि विषय पुढच्या बैठकीवर गेला. आम्ही मात्र तेव्हा काहीच बोललो नाही. ठराव मांडणारा पोरगा कष्टाळू आहे, रात्रशाळेतून शिकलेला आहे, त्याला सगळ्यांसमोर तोडणे बरे वाटले नाही. पण न बोलण्याने ठराव मागे पडत नाही, उलट पक्का होतो. म्हणून जे तिथे बोलायला हवे होते ते इथे लिहीत आहोत. हा प्रश्न आमच्या एका वस्तीचा नाही. मानखुर्द-गोवंडीपासून कल्याण-अंबरनाथपर्यंत प्रत्येक आंबेडकरी वस्तीत तो आज ना उद्या उभा राहणार आहे.

आधी त्या आजीबद्दल. ती १९७२ च्या दुष्काळात जालन्याकडून आली. गावात खडी फोडायचे काम होते, तेही पुढे बंद झाले. दोन पोरे आणि एक गाठोडे घेऊन ती नवऱ्यामागे मुंबईला आली, रुळाशेजारी झोपडे टाकले, ते दोनदा तुटले, मग खाडीच्या कडेला भराव घालून आजची वस्ती उभी राहिली. तिच्या आधी तिथे कोण होते? चिखल होता. आणि त्या चिखलाच्याही आधी तिथे मासेमारी करणारे कोळी होते, ज्यांना कुणीच काही विचारले नाही. वस्तीत 'मूळ' शोधायला निघालात तर आपण सगळेच अपात्र ठरू.

आता बदल झाला आहे हे आम्ही नाकारत नाही. डोळे मिटून चळवळ होत नाही. आमच्या लहानपणी चार नंबरच्या गल्लीत जालना, बीड, सातारा, सांगली इथले बौद्ध आणि थोडे मातंग होते. संध्याकाळी प्रत्येक दारात मराठी ऐकू यायची. आज त्याच गल्लीत आझमगड, जौनपूर, मालदा इथले लोक राहतात. नाक्यावर भेळेच्या गाडीशेजारी लिट्टी-चोखा मिळतो. पालिकेच्या मराठी शाळेचे वर्ग ओस पडले आणि हिंदी-उर्दूच्या वर्गांत बाक पुरत नाहीत. मराठी शाळा रिकामी होण्यात आपणही आहोत, कारण आपली मुले आपणच इंग्रजी शाळेत घातली, पण ते असो.

आकडे पाहू. २००१ ते २०११ या दहा वर्षांत मुंबईत मातृभाषा हिंदी सांगणारे सुमारे २५.८८ लाखांवरून ३५.९८ लाखांवर गेले आणि मराठी सांगणारे ४५.२३ लाखांवरून ४४.०४ लाखांवर आले. जनगणनेचा हा आकडा भाषणांत नेहमी फिरतो. पण त्याच जनगणनेतला दुसरा आकडा कुणी सांगत नाही. त्याच दहा वर्षांत मुंबई शहर जिल्ह्याची, म्हणजे कुलाब्यापासून माहीम-शीवपर्यंतच्या जुन्या मुंबईची, एकूण लोकसंख्याच ३३ लाखांवरून ३१ लाखांच्या आत आली. आणि तेव्हाच्या अखंड ठाणे जिल्ह्याची ८१ लाखांवरून १ कोटी १० लाखांवर गेली. माणसे कुठे गेली हे यातून कळते. लालबाग, परळ, वरळी, नायगावची माणसे डोंबिवली, बदलापूर, टिटवाळा, विरार इथे गेली. त्यांना तिथे कुणी घालवले? आझमगडच्या गवंड्याने?

१८ जानेवारी १९८२ ला गिरणी संप सुरू झाला. संप फुटला नाही आणि मिटलाही नाही, गिरण्या मात्र संपल्या. गिरणीच्या जमिनीचा एक हिस्सा म्हाडाला आणि एक मोकळ्या जागांसाठी महापालिकेला मिळावा, असा १९९१ चा नियम होता. २००१ मध्ये तो अशा रीतीने बदलला की विभागणी गिरणीच्या सगळ्या जमिनीची न होता फक्त रिकाम्या उरलेल्या जागेची होऊ लागली. २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा बदल कायम ठेवला. चाळीच्या जागी टॉवर आले, टॉवरमध्ये कोण आले ते आपण सगळे पाहतो. या सगळ्यावर सही करणाऱ्यांत एकही नाका कामगार नव्हता.

एमएला असताना आम्हाला शिकागोचा समाजशास्त्र संप्रदाय शिकवला. पार्क आणि बर्जेस या अभ्यासकांनी १९२० च्या दशकात शहर कसे बदलते याचे वर्णन करताना 'आक्रमण' आणि 'अनुक्रम' हे शब्द वापरले. ते वनस्पतीशास्त्रातून उचललेले होते. एका जातीचे गवत जाते, दुसरे उगवते, तसे एक वस्ती सोडतो आणि दुसरा येतो. परीक्षेत आम्ही हे सुंदर अक्षरात लिहिले, गुणही मिळाले. पण आमच्या गल्लीला तो सिद्धांत लागू होत नाही. इथे गवत आपोआप उगवत नाही. विकास आराखडा, चटईक्षेत्र, पात्रता यादी आणि भाड्याचा दर हे सगळे कुणीतरी ठरवतो.

भाड्याचा दर तर आपणच ठरवतो. ही गोष्ट जरा सविस्तर बोलायला हवी, कारण बैठकीत ती कुणीच काढत नाही.

चार नंबरच्या गल्लीतल्या बहुतेक खोल्यांचे मालक आजही आपलेच लोक आहेत. पोराचे लग्न झाले, जागा पुरेना, बदलापूरला वन रूम किचन घेतले. त्याचा हप्ता फेडायला वस्तीतली खोली भाड्याने दिली. नंतर वर माळा चढवला, लोखंडी शिडी बाहेरून लावली, तोही दिला. एका खोलीत आठ मजूर, माणशी भाडे वेगळे. डिपॉझिट रोख. अकरा महिन्यांचा करार कुठे आहे, कुठे नाही, कारण करार झाला की भाडोत्र्याच्या हातात कागद येतो. लाइट बिल मालकाच्या नावावर, पाण्याची जोडणी मालकाच्या नावावर. सर्वेवाले आले की भाडोत्र्याला दोन दिवस 'गाव को जाके आओ' सांगायचे. आणि हे करून झाले की रविवारी विहारात येऊन म्हणायचे, बाहेरच्यांनी वस्ती बळकावली.

त्यातही एक गोष्ट सांगताना लाज वाटते. खोली देताना आपल्यातले काही जण विचारतात, "कौन लोग?" हा प्रश्न आपल्याला फ्लॅट शोधताना विचारतात तेव्हा आपण पेटून उठतो. मांसाहार चालत नाही म्हणून, आडनाव कळले म्हणून, किती जणांना किती इमारतींतून परत पाठवले गेले याच्या कहाण्या प्रत्येक घरात आहेत. २००५ मध्ये अहमदाबादच्या एका पारशी गृहनिर्माण संस्थेच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने, सभासदत्व आपल्याच समाजापुरते ठेवणारा उपविधी वैध ठरवला. तेव्हापासून हा निकाल आम्ही प्रत्येक शिबिरात टीका करून शिकवतो. मग आपल्या कमिटीचे सभासदत्व 'मूळ रहिवाशांपुरते' ठेवणारा ठराव त्यापेक्षा वेगळा कसा?

१९१७ मध्ये बाबासाहेब बडोद्याला नोकरीवर रुजू झाले तेव्हा त्यांना राहायला जागा मिळाली नाही. पारशी नाव सांगून एका पारशी धर्मशाळेत राहिले. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेले लोक आले आणि त्यांनी बाहेर काढले. हिंदू मित्राने घर दिले नाही, ख्रिस्ती मित्रानेही नाही. सार्वजनिक बागेत बसून त्यांनी दिवस काढला. हे सगळे त्यांनी पुढे ज्या आठवणींत लिहिले त्यांना आज आपण 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या नावाने ओळखतो. व्हिसा म्हणजे परदेशात प्रवेशाचा परवाना. आपल्याच देशात, आपल्याच माणसांना प्रवेशाची वाट पाहत उभे राहावे लागते, हे त्या नावात आहे. ज्या समाजाकडे हे पुस्तक आहे त्याने व्हिसा देणाऱ्या खिडकीच्या आतल्या बाजूला जाऊन बसावे का?

तारखांचे राजकारण आपल्याला नवे नाही. झोपडपट्टीत १ जानेवारी १९९५ च्या आधीचा तो पात्र, नंतरचा अपात्र. मग ती तारीख १ जानेवारी २००० झाली. मग २००० ते २०११ दरम्यानच्यांसाठी अडीच लाख रुपये भरून घर. धारावीत २००० पूर्वीच्या तळमजल्याला धारावीतच घर, नंतरच्यांना आणि माळ्यावरच्यांना बाहेर, महानगर प्रदेशात कुठेतरी. प्रत्येक तारखेने वस्तीचे दोन तुकडे केले. वरचा तुकडा गप्प बसला, खालच्यावर बुलडोझर आला. बिल्डरला याहून सोयीचे काय असेल? आता ठराव मांडणारे आमचे तरुण तेच काम फुकटात करून देत आहेत. सर्वेच्या वेळी माळ्यावरचा भाडोत्री आणि खालचा मालक एकत्र उभे राहिले तर यादी मोठी होते. भांडले तर दोघांचीही नावे कापायला सोपे जाते.

१३ जुलै १९८१ ला मुख्यमंत्री अंतुले यांनी जाहीर केले की मुंबईच्या फुटपाथवर राहणाऱ्यांना जबरदस्तीने हटवून त्यांच्या मूळ ठिकाणी पाठवले जाईल. ऐन पावसाळ्यात. 'मूळ ठिकाणी' म्हणजे कुणासाठी तामिळनाडूतले सेलम, कुणासाठी आपला मराठवाडा. त्या वेळी बसमध्ये कोंबताना मराठी कोण आणि तमिळ कोण हे कुणी पाहिले नाही. याविरुद्ध जो खटला उभा राहिला तो ओल्गा टेलिस खटला, १९८५ चा निकाल. उपजीविकेचा हक्क हा जगण्याच्या हक्काचा भाग आहे, हे त्यात न्यायालयाने मान्य केले. हटवायला मात्र परवानगी दिलीच, फक्त पावसाळा जाऊ द्या म्हटले. तरीही आज झोपडे तुटताना आपला वकील ज्या निकालाचा आधार घेतो, त्यातल्या अर्जदारांपैकी एक सेलमचा भूमिहीन शेतमजूर होता.

आणि आता तर 'बाहेरचा' शब्द आणखी लांब गेला आहे. २०२५ च्या जूनमध्ये मुंबई परिसरात पकडलेल्या पश्चिम बंगालच्या काही मजुरांना बांगलादेशी ठरवून सीमेपलीकडे ढकलण्यात आले. ते भारतीय आहेत हे तिथल्या सरकारने दाखवून दिल्यावर त्यांना परत आणावे लागले. आपल्या गल्लीतल्या मालदाच्या गवंड्याची झोप त्यानंतर उडाली आहे. तो आता आधार कार्ड प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून कामावर नेतो.

बंगाल म्हटले की आणखी एक गोष्ट. १९४६ मध्ये संविधान सभेची निवडणूक झाली तेव्हा मुंबई प्रांतातून बाबासाहेबांना निवडून यायला वाटच नव्हती. त्यांना निवडून पाठवले ते बंगालने. जोगेंद्रनाथ मंडल आणि नमःशूद्र समाजाच्या आमदारांनी. फाळणीमुळे ती जागा गेल्यावर, १९४७ च्या जुलैमध्ये ते मुंबईतून पुन्हा सभेत आले. म्हणजे संविधान सभेत त्यांचा पहिला प्रवेश 'परप्रांतीय उमेदवार' म्हणून झाला. तेव्हा बंगालच्या लोकांनी 'मूळ रहिवासी' ही अट घातली असती तर?

ज्या जयंतीसाठी आपण बैठक घेतो तिच्याबद्दलही बोलू. पुण्याच्या संरक्षण प्रयोगशाळेत आंबेडकर जयंती आणि बुद्धजयंतीची सुट्टी रद्द केली तेव्हा उभा राहिला दीनाभाना. राजस्थानचा, वाल्मिकी समाजाचा, चतुर्थ श्रेणी कर्मचारी. त्याने निलंबन ओढवून घेतले, माघार घेतली नाही. त्याला पाहून जो अधिकारी अस्वस्थ झाला तो पंजाबचा होता, कांशीराम. त्यांच्या हातात बाबासाहेबांचे पुस्तक ठेवणारे डी. के. खापर्डे महाराष्ट्राचे. तिथून बामसेफ, तिथून पुढचा सगळा इतिहास. महाराष्ट्रातल्या एका कार्यालयात तीन राज्यांची माणसे जयंतीच्या सुट्टीवरून एकत्र आली म्हणून उत्तर भारतात निळा झेंडा गेला. त्या झेंड्याखाली वाढलेला जौनपूरचा पोरगा आज आपल्या गल्लीत भाड्याने राहतो, आणि आपण त्याला म्हणतो, वर्गणी दे, सभासद होऊ नकोस.

हे आम्ही कल्पनेने लिहीत नाही. चार नंबरच्या गल्लीत आझमगडचे एक जाटव कुटुंब आहे. नवरा चामड्याच्या बॅगांच्या कारखान्यात शिलाई करतो. खोलीत शिरल्यावर समोर बाबासाहेब, शेजारी संत रविदास. गेल्या वर्षी २५१ रुपये वर्गणी दिली आणि विचारले, "मिरवणुकीत आमच्या बायकांनी कुठे चालायचे?" त्यांच्या गावात १४ एप्रिलला दोनदा दगडफेक झालेली आहे. इथे आल्यावर मुक्तपणे जयभीम म्हणता येईल असे त्यांना वाटले होते. आपल्या पोरांनी त्यांना 'भय्या' म्हणून हाक मारली. त्यांच्या मुलीला महाराष्ट्र शासनाच्या योजनेत अनुसूचित जातीचा लाभ मिळत नाही, कारण आपल्या राज्यात १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा रहिवास दाखवावा लागतो. हा पेच न्यायालयातही गेला. १९९० चा मर्री चंद्रशेखर राव खटला तर आपल्याच परळच्या एका वैद्यकीय महाविद्यालयातल्या प्रवेशावरचा आहे. दुसऱ्या राज्यातून आलेल्याला आपल्या राज्यातली आरक्षणाची ओळख सोबत आणता येत नाही, असा निकाल झाला. केंद्राच्या नोकरीत ती चालते, राज्याच्या योजनेत नाही. म्हणजे दुसऱ्या राज्यात जात तर सोबत येते, फक्त तिचा दाखला येत नाही. आणि १९५० चा पुरावा शोधता शोधता आपल्याही किती पोरांचे जात पडताळणीत वर्ष वाया गेले, हे विसरू नका. ती तारीख दोघांनाही चावते.

आक्षेप येतील, ते आम्हाला ठाऊक आहेत. उत्तरेतून येणारा प्रत्येक जण जाटव किंवा पासी नसतो. दुबे, मिश्रा, सिंह हेही येतात, आणि गाडीला लिंबू-मिरचीसोबत आपली जातही बांधून आणतात. आमच्याच नाक्यावर एकाने जाटव मुलाला चहाचा ग्लास वेगळा ठेवला होता. तिथे भांडायलाच हवे, आणि भांडलो. पण ते भांडण जातीवरचे होते. त्याला 'परप्रांतीय हटाव' असे नाव दिले असते तर ग्लास ठेवणारा आणि ग्लास मिळालेला, दोघांनाही हाकलावे लागले असते. आणि इथले सवर्ण मात्र 'आपले' ठरले असते.

ते 'आपले' कसे वागतात याचा अनुभव आहे. १९६६ पासून या शहरात भूमिपुत्राच्या नावाने राजकारण सुरू झाले. आधी लुंगीवाल्यांवर, म्हणजे दक्षिणेकडच्यांवर. १९७४ च्या जानेवारीत वरळीच्या बीडीडी चाळींत तेच आपल्यावर आले. दलित पँथरच्या पोरांवर दगड पडले, पोलिसही त्यांच्याच बाजूने. १० जानेवारीच्या मोर्चात भागवत जाधव शहीद झाला. मारणारे आणि मरणारा एकाच भाषेचे होते. पुढे २००८ मध्ये रेल्वेच्या परीक्षेला आलेल्या उत्तर भारतीय मुलांना केंद्रांवर मारले, तेव्हा आपल्यातल्या काहींनी टाळ्या वाजवल्या. त्या भरतीत अनुसूचित जातीच्या राखीव जागाही होत्या.

भाषेचे म्हणाल तर मराठी आमची आहे, आणि ती टिकावी यासाठी आम्ही कुणाहून कमी झगडत नाही. बाबासाहेबांनीही मुंबईवर महाराष्ट्राचा हक्क सांगितला होता. पण भाषावार प्रांतरचनेवर लिहिताना त्यांनीच हेही बजावले होते की एकभाषी राज्यात एका मोठ्या जातीचे वर्चस्व होते आणि लहान समाज तिच्या दयेवर राहतात. मराठीपणाच्या छत्रीखाली उभे राहताना दांडा कुणाच्या हातात आहे ते बघावे.

पुढची बैठक येत्या रविवारी आहे. आम्ही तीन गोष्टी मांडणार आहोत. वस्तीत राहणारा, वर्गणी देणारा आणि संविधान मानणारा प्रत्येक जण सभासद, मग तो मालक असो वा भाडोत्री. सर्वेच्या आधी माळ्यावरच्या प्रत्येक कुटुंबाची यादी कमिटीने स्वतः करायची, आणि ज्या मालकांनी करार दिलेला नाही त्यांनी तो द्यायचा, सुरुवात कमिटीच्या पदाधिकाऱ्यांनी करायची. यावर आरडाओरड होणार, कारण पदाधिकाऱ्यांपैकी तिघांच्या खोल्या भाड्याने आहेत. आणि विहारात आठवड्यातून तीन संध्याकाळी मराठीचा वर्ग, हिंदी आणि बंगाली घरांतल्या मुलांसाठी आणि यायचे असेल तर त्यांच्या आयांसाठीही. शिकवायला दोन मुली तयार आहेत. त्यातली एक ठराव मांडणाऱ्या पोराची बहीण आहे.

तो पोरगा काल भेटला. म्हणाला, "दादा, तुम्ही काहीही म्हणा, मी विरोधात हात वर करणार." आम्ही म्हटले, कर, पण आधी त्या आजीला उत्तर देऊन कर. तो म्हणाला, तेच चार दिवस शोधतोय.